प्रश्नातला ‘ना’ : सुपरवायझरांचं ऑनलाइन प्रशिक्षण कसं घ्यावं

सामुदायिक मानसिक आरोग्यसेवेतल्या सुपरवायझरांचं ऑनलाइन प्रशिक्षण चालू होतं. ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे मोठ्या वर्गातून काढलेल्या छोट्या ऑनलाइन खोलीत, भूमिका वाटून सराव करणाऱ्या तिघी होत्या. एक सुपरवायझर झाली होती, दुसरी वस्तीत घरोघर जाणारी कार्यकर्ती, तिसरी निरीक्षक. मी सगळ्यांना आधी सांगून, कॅमेरा बंद ठेवून ऐकत होते. सुपरवायझर म्हणाली, “मागच्या आठवड्यातल्या त्या ताई आता बऱ्या आहेत ना?”

“हो, बऱ्या आहेत.”

“भेटी वेळेवर चालू आहेत ना?”

“हो.”

“काही अडचण नाही ना?”

“नाही मॅडम.”

चार मिनिटांत सुपरव्हिजन, म्हणजे सुपरवायझरने कार्यकर्तीशी तिच्या कामाबद्दल करायचं बोलणं, आटोपलं. कार्यकर्तीच्या भूमिकेच्या कागदावर मी लिहून दिलं होतं : ‘मागच्या भेटीत या ताई “आता जगून काय करायचं” असं म्हणाल्या. तू घाबरलीस आणि विषय बदललास. कोणी नीट विचारलं तरच सांग.’ तिला कोणी नीट विचारलंच नाही. तिन्ही प्रश्नांच्या शेवटी ‘ना’ होता, आणि ‘ना’ असलेल्या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याने आधीच देऊन टाकलेलं असतं.

त्या दिवसानंतर मी माझ्या प्रशिक्षणाची मांडणी बदलली. स्लाइड्स कमी केल्या, व्याख्या कमी केल्या, आणि प्रत्येक आठवड्याच्या मध्यभागी एकच काम ठेवलं : कार्यकर्तीला जे सांगायला जड जातं, ते तिला सांगता येईल असं बोलायला शिकणं. बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूला येतं. सामुदायिक मानसिक आरोग्यसेवेत सुपरवायझर तयार करण्याची जबाबदारी तुमच्यावर असेल, तर माझी पद्धत इथे सांगते.

कोणाला घ्यायचं आणि किती काळ

ज्यांच्या हाताखाली आज निदान दोन माणसं प्रत्यक्ष काम करताहेत, त्यांनाच घ्या. ‘पुढे कधीतरी सुपरवायझर होणार’ म्हणून आलेल्यांना सराव करायला जागाच नसते, आणि शिकलेलं दोन महिन्यांत विरून जातं. गट आठ ते बारा जणांचा ठेवा. बाराच्या पुढे गेलं की चारपाच जण गप्प बसतात, आणि पडद्यावर गप्प बसलेलं माणूस चटकन नजरेत येत नाही.

सलग तीन दिवस, दिवसाला सहा तास असं ऑनलाइन प्रशिक्षण घेऊ नका. मी घेतलं आहे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोक ऐकत असल्यासारखे दिसतात, पण मन दमलेलं असतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा दीड तास, असे दहा ते बारा आठवडे ठेवा. खरं शिकणं दोन वर्गांच्या मधल्या सात दिवसांत होतं. मंगळवारी शिकलेला एक प्रश्न गुरुवारी खऱ्या कार्यकर्तीला विचारायचा, ती काय म्हणाली ते लिहायचं, आणि पुढच्या मंगळवारी घेऊन यायचं. ऑनलाइनचा सर्वात मोठा फायदा हाच आहे. माणूस आपल्या कामाच्या जागेवरून हलत नाही, त्यामुळे शिकणं आणि करणं एकमेकांपासून तुटत नाही.

दूरवरच्या आरोग्यसेवकांना केस मांडत मांडत शिकवता येतं, हे २००३ साली न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी सुरू केलेल्या प्रोजेक्ट इकोने दाखवून दिलं. तिथे सुरुवात हिपॅटायटिस सी या आजारापासून झाली, आणि पुढे मानसिक आरोग्यासह अनेक विषयांत ती रीत वापरली गेली. एक जण केस मांडतो, सगळे प्रश्न विचारतात, तज्ज्ञ शेवटी बोलतो. यातलं ‘तज्ज्ञ शेवटी बोलतो’ एवढं जरूर उचला. पण इकोचे वर्ग मोठे असतात आणि त्यांचा भर केसवर असतो. सुपरव्हिजनमध्ये केस सांभाळणारं माणूसही आपल्यासमोर असतं, त्यासाठी गट लहानच हवा.

पहिल्या वर्गाआधी

प्रत्येकाशी दहा मिनिटं फोनवर बोला. कुठे बसणार, मागून कोण ये-जा करतं, हेडफोन आहे का, नेट दगा देतं तेव्हा काय करणार, हे एकेक विचारा. हेडफोनवर मी अडून बसते. स्पीकरवर केसची चर्चा म्हणजे ज्या बाईने विश्वासाने आपलं घर उघडं केलं, तिची गोष्ट शेजारच्या खोलीत पोचवणं. नेट अशक्त असेल तर आधी कॅमेरा बंद करा, आवाज वाचवा. चेहरा न दिसता सुपरव्हिजन होऊ शकतं, शब्द तुटत असतील तर नाही.

केसविषयीचे नियम लेखी द्या आणि पहिल्या वर्गात मोठ्याने वाचा. नाव, गाव, नेमकं वय, घरातल्यांचे व्यवसाय यांतलं काही चॅटमध्ये यायचं नाही. केसचे कागद मेसेजिंग ग्रुपवर टाकायचे नाहीत. पडद्याचा फोटो काढायचा नाही. रेकॉर्डिंग वापरायचं तर क्लायंटची संमती वेगळी घ्या आणि कार्यकर्तीची वेगळी. ते कुठे ठेवणार, कोण ऐकणार, कधी पुसणार हे त्यात असलंच पाहिजे. नकार दिला तरी सेवेत काही फरक पडणार नाही, हे क्लायंटला तोंडी सांगितलं गेलं का, ते स्वतः विचारून घ्या. कागदावर सही असते, पण पुष्कळदा बाईला एवढंच वाटलेलं असतं की सही केली नाही तर ताई यायच्या बंद होतील.

राखणं, घडवणं, सावरणं

‘सुपरवायझर’ म्हटलं की डोळ्यांपुढे हजेरीपट, उद्दिष्टं आणि लाल शेरे येतात. मी पहिला वर्ग या शब्दाची ही जुनी ओळख मोकळी करण्यात घालवते. सुपरव्हिजनच्या अभ्यासक ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८०च्या दशकात सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली. मी मराठीत त्यांना राखणं, घडवणं आणि सावरणं म्हणते. काम नियमाने आणि सुरक्षित चाललं आहे ना हे बघणं म्हणजे राखणं. कौशल्य वाढवणं म्हणजे घडवणं. रोज दुसऱ्यांचं दुःख ऐकणाऱ्या माणसाला उभं ठेवणं म्हणजे सावरणं.

मग एक छोटा व्यायाम देते. “तुम्ही घेतलेलं शेवटचं सुपरव्हिजन आठवा. त्यातली किती मिनिटं राखण्यात गेली, किती घडवण्यात, किती सावरण्यात? तीन आकडे चॅटमध्ये टाइप करा, पण मी सांगेपर्यंत पाठवू नका.” सगळ्यांनी एकदम पाठवलं की कोणी कोणाचं बघून लिहीत नाही. माझ्या बहुतेक तुकड्यांत तिसऱ्या जागी शून्य येतं. एकदा एक अनुभवी सुपरवायझर त्या शून्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “मला कोणी कधी सावरलं नाही, म्हणून मला सुचलं नसेल.” मी त्यावर काही बोलले नाही. गटात दोघींनी माना हलवल्या. ते वाक्य आम्हाला पुढचे दहा आठवडे पुरलं.

याच वर्गात मी एक अभ्यास सांगते. निकोलस लॅडनी आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली शिकाऊ मानसोपचारकांना विचारलं, की तुम्ही आपल्या सुपरवायझरपासून काही लपवून ठेवलं आहे का? ९७ टक्क्यांहून जास्त जणांनी ‘हो’ म्हटलं. लपवलेल्या गोष्टींत सुपरवायझरविषयीची नाराजी होती, खाजगी अडचणी होत्या, उपचारातल्या चुका होत्या. आकडा ऐकला की सुपरवायझर मंडळी थोडी दुखावतात. “आमची माणसं आमच्याशी मोकळी आहेत,” असं कोणीतरी म्हणतंच. मी वाद घालत नाही. फक्त विचारते, “तुम्ही स्वतः वरच्यांपासून काय लपवलंत? इथे सांगू नका. मनात आठवा.” मग वर्ग शांत होतो.

तिघांचा सराव

आता मुख्य भाग. दीड तासातली निदान चाळीस मिनिटं यासाठी राखून ठेवा, आणि बाकी काही कापावं लागलं तरी हे कापू नका.

तिघा-तिघांच्या खोल्या करा. एक सुपरवायझर, एक कार्यकर्ती, एक निरीक्षक. आठ मिनिटं संवाद, चार मिनिटं निरीक्षकाचं बोलणं, मग भूमिका बदला. कार्यकर्तीला खाजगी मेसेजमधून भूमिकेचा कागद पाठवा, आणि त्यात एक गोष्ट अशी ठेवा जी ती आपणहून सांगणार नाही. घाबरून विषय बदलला. भेट झालीच नाही, तरी रजिस्टरमध्ये लिहिली. क्लायंटला आपला खाजगी नंबर दिला आणि आता रात्री फोन येतात. क्लायंटचा राग येतो. या गोष्टी मी कल्पनेने रचत नाही. वर्षानुवर्षं कार्यकर्त्यांनी उशिरा का होईना सांगितलेल्या आहेत, फक्त ओळख पटेल असं सगळं काढून टाकलेलं आहे.

निरीक्षकाने मत द्यायचं नाही. सुपरवायझरचे प्रश्न जसेच्या तसे लिहायचे, शेवटी वाचून दाखवायचे, बस. “तू छान ऐकलंस” याने कोणी सुधारत नाही. “तू सात प्रश्न विचारलेस, त्यांतल्या पाचांच्या शेवटी ‘ना’ होता, आणि ती ‘पण’ म्हणाली तेव्हा तू पुढच्या मुद्द्यावर गेलीस,” हे ऐकून मात्र माणूस बदलतं. चॅटमध्ये ते प्रश्न तसेच टाकले तर अजून बरं, आपलं वाक्य डोळ्यांनी वाचता येतं.

प्रश्न कसा बदलायचा, याचं एक उदाहरण देते. कार्यकर्ती म्हणते, “मी त्यांना सगळं समजावलं, पण त्या ऐकतच नाहीत.” नव्या सुपरवायझरची जीभ लगेच सल्ल्याकडे वळते : अमुक सांगून बघ, नवऱ्याला बोलाव, गोळ्या घेतात का बघ. त्याऐवजी म्हणायचं, “शेवटच्या भेटीत त्या काय बोलल्या, ते त्यांच्याच शब्दांत सांगा.” मग, “तेव्हा तुमच्या मनात काय आलं?” आणि मग, “त्यावर तुम्ही काय म्हणालात?” हाच क्रम ठेवा. आधी क्लायंटचे शब्द, मग कार्यकर्तीचं मन, मग तिची कृती. कृती आधी विचारली तर ती तपासणी वाटते आणि कार्यकर्ती स्वतःला वाचवायला लागते.

शांततेचं वेगळं शिकवावं लागतं. समोरासमोर कोणी गप्प झालं तर आपल्याला दिसतं की ती विचार करते आहे. पडद्यावर दोन सेकंद गेले की सुपरवायझर “हॅलो, आवाज येतोय का?” म्हणते, आणि ओठांवर आलेलं वाक्य परत जातं. मी आधीच ठरवून घ्यायला सांगते : “मी गप्प असेन तेव्हा ऐकत असेन. तुम्हीही हवा तेवढा वेळ घ्या. लाइन तुटली तर मी लगेच फोन करीन.” मग मुद्दाम दहा सेकंद गप्प राहायचा सराव करायचा. घड्याळ लावून करा. पहिल्यांदा दहा सेकंद फार लांब वाटतात.

रेकॉर्डिंग ऐकणं

चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून खऱ्या सत्रांचं रेकॉर्डिंग आणायला सांगा. पूर्ण सत्र नको, पाच मिनिटं पुरेत, आणि तुकडा कार्यकर्तीने स्वतः निवडायचा. तिला सांगायचं, “जिथे अडलात ती पाच मिनिटं आणा.” उत्तम झालेली पाच मिनिटं मागितली की सुपरव्हिजनची परीक्षा होऊन बसते.

कार्यकर्त्या आणि समुपदेशक एकमेकांची रेकॉर्डिंग्ज ऐकून कामाचा दर्जा राखू शकतात, याला आधार आहे. गोव्यात संगत संस्थेने नैराश्यासाठी केलेल्या ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’मध्ये मानसोपचाराची पदवी नसलेले समुपदेशक उपचार देत होते, आणि ते आपल्या सत्रांची रेकॉर्डिंग्ज गटात ऐकून एकमेकांना गुण देत. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आले, आणि उपचाराचा फायदा दिसला. तज्ज्ञ थोडे आणि काम डोंगराएवढं, अशा प्रत्येक ठिकाणी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

गुण देण्यासाठी स्वतःची मोजपट्टी तयार करत बसू नका. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा ‘इक्विप’ नावाचा मोफत ऑनलाइन मंच आहे. त्यावर ‘एनॅक्ट’ ही पट्टी मिळते. सहानुभूती, गोपनीयता समजावणं, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल विचारणं अशा मूलभूत कौशल्यांना त्यात एक ते चार पातळ्या दिल्या आहेत, आणि पहिली पातळी म्हणजे ज्याने अपाय होऊ शकतो असं वागणं. ‘अपाय’ ही वेगळी पातळी आहे, म्हणून मला ही पट्टी मोलाची वाटते. नाहीतर आपण ‘चांगलं’ आणि ‘अजून चांगलं’ यांतच घोटाळत राहतो. पट्टी गटाने मिळून वापरा. सगळ्यांनी एकच पाच मिनिटं ऐकायची, आकडे एकदम पाठवायचे, आणि जिथे दोघांच्या आकड्यांत फार अंतर आहे तिथे थांबायचं. मी चर्चेसाठी आकड्याएवढीच ती तफावतही वापरते.

जीव देण्याचा विचार

याला दोन पूर्ण वर्ग द्या. इथे मी अगदी एकेका शब्दावर थांबते.

नैराश्य मोजण्यासाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली पुष्कळ सेवांत वापरतात. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. रेकॉर्डिंगमध्ये मी हा प्रश्न कित्येकदा असा ऐकला आहे : “आणि तसलं काही मनात येत नाही ना?” आवाज खाली गेलेला, ‘तसलं काही’ म्हणून शब्द टाळलेला, आणि शेवटी तोच ‘ना’. समोरची बाई “नाही” म्हणते, कागदावर शून्य पडतो. हीच कार्यकर्ती सुपरव्हिजनला येते आणि सुपरवायझर विचारते, “धोका वगैरे नाही ना कोणाला?” ती म्हणते, “नाही.” दोन ‘ना’ ओळीने लागले, आणि मध्ये एक जीव राहिला.

क्लायंट आणि उपचारक यांच्यात जे घडतं त्याचं प्रतिबिंब सुपरव्हिजनमध्ये पडतं, हे मनोविश्लेषक हॅरॉल्ड सर्ल्स यांनी १९५५ सालीच मांडलं होतं. उलट दिशेनेही तसंच घडतं. सुपरवायझर ज्या प्रकारे विचारते, त्याच प्रकारे कार्यकर्ती दारात बसून विचारते. म्हणून प्रत्येकाने माइक चालू करून, सगळ्यांसमोर, हे वाक्य मोठ्याने म्हणायचं : “तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?” बारा जण, बारा वेळा. काहींचा आवाज कापतो. काही हसतात, कारण अवघडल्यावर हसू येतं, त्यांना परत म्हणायला लावा. असं विचारल्याने तो विचार मनात भरतो ही भीती कोणीतरी बोलून दाखवतंच. तशी भीती बाळगायचं कारण नाही, हे आजवरच्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. उलट पुष्कळांना सुटल्यासारखं वाटतं.

पुढचा सराव अचानक फोन येण्याचा. सुपरवायझर दुसऱ्याच केसबद्दल बोलत असताना तिला सांगायचं : कार्यकर्तीचा फोन आला आहे, ती क्लायंटच्या घरी आहे, उत्तर ‘हो’ आलं आहे. सुपरवायझरने काय म्हणायचं? पहिलं वाक्य : “तुम्ही फोन केलात हे फार बरं केलंत. त्या आत्ता एकट्या आहेत का?” मग साधनं जवळ आहेत का, योजना ठरली आहे का, घरात विश्वासाचं कोण आहे. स्टॅनली आणि ब्राउन या मानसशास्त्रज्ञांचा २०१२ सालचा सुरक्षा आराखडा सहा पायऱ्यांचा आहे : धोक्याच्या खुणा, स्वतः करता येण्यासारख्या गोष्टी, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, व्यावसायिक मदत, आणि आजूबाजूची घातक साधनं दूर करणं. कार्यकर्ती दारात उभी असताना सुपरवायझरने हा कागद शोधायला लागू नये, तो टेबलासमोर भिंतीवर असावा. कोणत्या वेळात फोन उचलणार, आणि आपण नसलो तर कोण उचलणार, हे लेखी ठरलेलं नसेल तर त्या सेवेत प्रशिक्षण पुढे नेऊ नका. आधी ते ठरवा.

आणि एवढं करूनही कधी एखादा क्लायंट जीव देतो. एका सेवेत असं घडलं तेव्हा पहिला फोन कार्यकर्तीला आला तो “केस पेपर पूर्ण आहेत ना?” विचारायला. तिने पुढच्या महिन्यात काम सोडलं. मी तिला ओळखत होते, चांगली ऐकणारी होती ती. म्हणून या फोनचाही सराव घ्या. त्याच दिवशी फोन करायचा, कागदाचा विषय काढायचा नाही. “मला कळलं. तुम्ही कुठे आहात, जवळ कोण आहे?” एवढंच. उद्या परत फोन करीन म्हणायचं आणि करायचा. नोंदी तपासायच्या असतात, जरूर तपासाव्यात, पण ते दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माणसाने. ज्याने सावरायचं त्याच्याच हातात त्या दिवशी तपासणीची फाइल नको.

शेवटचे वर्ग आणि नंतर

शेवटच्या आठवड्यात प्रत्येक सुपरवायझरने आपल्या खऱ्या सुपरव्हिजनचं, कार्यकर्तीच्या संमतीने केलेलं, दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग आणायचं. पहिल्या आठवड्यातला तिघांचा सराव मी संमतीने राखून ठेवलेला असतो. दोन्ही लागोपाठ ऐकवते. बोलायचं आधी त्या सुपरवायझरने, मग गटाने, मी शेवटी.

प्रमाणपत्र द्यायचं तर द्या, पण हजेरीवर देऊ नका. रेकॉर्डिंगवर द्या. शिकवलेल्यांचं मत तर घ्याच, पण खरी चौकशी त्यांच्या हाताखालच्या कार्यकर्त्यांकडे करा. नाव न विचारता दोनच प्रश्न पुरतात : गेल्या महिन्यात सुपरव्हिजनमध्ये आपली एखादी चूक सांगितलीत का? सांगितल्यावर काय झालं?

त्यानंतर सहा महिने, महिन्यातून एकदा, तोच गट एक तास भेटवा. नवं काही शिकवू नका. तिथे सुपरवायझरांचं सुपरव्हिजन होतं. केस मांडायची ती क्लायंटची नाही, कार्यकर्तीची : “माझ्या एका कार्यकर्तीबरोबर मी इथे अडले आहे.” मी स्वतःही वर्षानुवर्षं एका ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे महिन्याला जाते, आता व्हिडिओवर. गेल्या वेळी त्यांनी विचारलं, “या तुकडीत तुला कोणाचा राग येतो?” मी गप्प झाले. त्या थांबल्या. दहा सेकंदांहून बराच जास्त वेळ गेला असेल, आणि मग मी एक नाव सांगितलं.